पवित्र नाम देवालय : काशीचा घाट आणि पुण्याचा पंचहौद

१. विषयाची मांडणी

काशीच्या घाटांपैकी राजा घाट हा मराठी इतिहासाशी थेट जोडलेला घाट आहे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी या घाटाचे दगडी बांधकाम करविले, त्यामुळे दीर्घकाळ तो त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. १८०२च्या वसई तहानंतरच्या उलथापालथीत अमृतरावांनी इंग्रजांकडून तनखा स्वीकारला आणि उत्तर हिंदुस्थानात वास्तव्य केले. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. विश्वनाथ मंदिराच्या सोळाव्या शतकातील पुनर्बांधणीशी संबंधित असलेले नारायणभट्ट, १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट, अठराव्या शतकात विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई होळकर ही परंपरा पाहिली, तर काशी हे मराठी भाषकांचे केवळ तीर्थक्षेत्र नव्हते हे स्पष्ट होते. ते विद्यापीठ होते, धर्मनिर्णयाचे अंतिम पीठ होते आणि अनेक कुटुंबांचे घरही होते.

या मराठी काशीचा एक धागा पुण्याच्या गुरुवार पेठेतील एका अँग्लिकन देवालयापर्यंत जातो. पंचहौद येथील ‘पवित्र नाम देवालय’ हे १८८५ मध्ये उभे राहिलेले चर्च मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने एका ग्रामण्याच्या संदर्भात ठाऊक असते. प्रत्यक्षात ते गेली सुमारे एकशेचाळीस वर्षे एका नागर मराठी ख्रिस्ती मंडळीचे उपासनास्थान आहे. इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडलेली एक धर्मपरंपरा पेशव्यांच्या शहराच्या मध्यवस्तीत येऊन मराठीत कशी बोलू लागली आणि त्या बोलण्यात कोणत्या शब्दांचे अर्थ पालटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तौलनिक साहित्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, येथे भाषांतर हा ग्रंथापुरता मर्यादित व्यवहार राहत नाही. माणसे, विधी, वास्तू आणि पंक्ती या सर्वांचेच भाषांतर होते, आणि त्याची किंमतही माणसांनाच मोजावी लागते.

२. छावणीतील चर्च आणि शहरातील देवालय

‘पॅरिश’ ही इंग्लंडमधील संकल्पना मुळात भौगोलिक आहे. गावाची किंवा शहरातील भागाची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक जण, तो उपासनेला येवो अथवा न येवो, त्या चर्चच्या धर्मगुरूच्या जबाबदारीत गणला जातो. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद तेथे होते. वसई परिसरातील कॅथलिक समाजाने या संकल्पनेसाठी ‘धर्मग्राम’ हा नेमका मराठी शब्द रूढ केला आहे. हिंदुस्थानात मात्र अँग्लिकन चर्च या स्वरूपात आले नाही. कंपनी सरकारच्या काळात ते प्रथम आले ते कंपनीच्या नोकरांसाठी व फौजेसाठी नेमलेल्या चॅपलेनच्या रूपाने. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, तेही किल्ल्यातील इंग्रज वस्तीसाठी. १८१३च्या सनदेनंतर मिशनऱ्यांना मोकळीक मिळाली. १८१४ मध्ये कलकत्त्याला बिशपपद निर्माण झाले आणि १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

यामुळे हिंदुस्थानातील बहुतेक मोठ्या शहरांत अँग्लिकन चर्चची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. एक छावणीतील आणि दुसरे देशी मंडळीचे. काशीत छावणीच्या भागातील सेंट मेरीज चर्च इंग्रज फौजेसाठी व अधिकाऱ्यांसाठी होते, तर सिगरा येथे चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र वाढले आणि तेथे देशी ख्रिस्ती मंडळी आकारास आली. याच सोसायटीकडे जयनारायण घोषाल यांनी स्थापन केलेली शाळा १८१८ मध्ये सोपविण्यात आली होती. पुण्यातही हाच नमुना दिसतो. लष्कर भागातील सेंट मेरीज चर्चची प्रतिष्ठापना १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी केली. हे हेबर स्वतः इंग्रजीतील ख्यातनाम स्तोत्रकार होते, आणि आदल्याच वर्षी ते काशीत येऊन गेले होते. परंतु लष्करातील त्या चर्चचा पेठांशी काही संबंध नव्हता. पुणे शहर आणि पुणे छावणी ही दोन वेगळी जगे होती.

पंचहौदचे देवालय वेगळे ठरते ते याच कारणासाठी. ते छावणीत नाही, पेठेत आहे. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. पाण्याच्या पाच हौदांवरून तिच्या एका भागाला पंचहौद हे नाव पडले. याच वेताळ पेठेत १८५२ मध्ये जोतीराव फुले यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली होती. म्हणजे मिशन येथे येण्यापूर्वीच ही पेठ ‘कोणी कोणाजवळ बसावे’ या प्रश्नाशी परिचित झालेली होती.

येथे आलेले मिशनरीही नेहमीच्या धाटणीचे नव्हते. ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये रिचर्ड म्यू बेन्सन यांनी ‘सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ हा संन्यस्त संघ स्थापन केला. धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर इंग्लंडच्या चर्चमध्ये मठजीवन जवळजवळ संपुष्टात आले होते, ते पुन्हा सुरू करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील आंदोलनाचे हे अपत्य. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांनी बांधलेले हे ‘काउली फादर’ १८७४ मध्ये मुंबईस आले आणि त्यानंतर लवकरच पुण्यात. १८७७ मध्ये वाँटेज येथील ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या संघाच्या भगिनीही पुण्यात दाखल झाल्या. संसारी मिशनरी पुण्याने पाहिले होते. भगव्याऐवजी काळा झगा घालणारे, नेमाने प्रहराप्रहरांच्या प्रार्थना म्हणणारे आणि सामुदायिक अकिंचनतेत राहणारे इंग्रज मात्र पेठेला नवे होते. वैराग्याची भाषा पुण्याला कळत होती, म्हणून या मंडळींविषयी कुतूहलही होते आणि शंकाही तितकीच होती.

३. काशीहून निघालेला शास्त्री

या देवालयाच्या मागे असलेल्या बौद्धिक इतिहासात एक काशीकर मराठी शास्त्री केंद्रस्थानी आहे. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ चित्पावन कुटुंबात झाला आणि ते काशीत वाढले. बांद्याचे नबाब हे थोरल्या बाजीरावांचे वंशज. त्यांच्या पदरी गोऱ्ह्यांच्या आजोबांनी नोकरी केली होती. पेशवाईच्या उत्तरेकडील विस्ताराबरोबर जी मराठी कुटुंबे गंगाकाठी स्थिरावली, त्यांपैकीच हे एक.

कंपनीचे अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. त्यांतील तिसरे व सर्वांत सखोल मानले गेलेले उत्तर म्हणजे तरुण नीलकंठशास्त्र्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४). ख्रिस्ती मताचे खंडन करणाऱ्या या ग्रंथाच्या कर्त्याने चारच वर्षांनी, १४ मार्च १८४८ रोजी, जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ‘नहेम्या’ हे नाव धारण केले. सिगरा येथील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी झालेला त्यांचा वाद हा या परिवर्तनाचा मार्ग होता. स्मिथ यांनी १८५० मध्ये ‘द्विज’ या नावाने त्याची हकीकत प्रसिद्ध केली. हे शीर्षकच बोलके आहे. उपनयनाने मिळणारा दुसरा जन्म आणि बाप्तिस्म्याने मिळणारा नवा जन्म या दोहोंना एकाच संस्कृत शब्दात बसविण्याचा तो प्रयत्न होता.

गोऱ्ह्यांच्या लेखनात मात्र अशा सोयीस्कर जुळवणीविषयी सावधगिरी दिसते. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले आणि त्यात सहाही दर्शनांची मीमांसा केली. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. संस्कृतात हिंदू धर्माचे मंडन आणि हिंदीत त्याचेच खंडन करणारा हा एकच लेखक. दोन्ही ग्रंथांतील तर्कपद्धती मात्र न्यायशास्त्राचीच आहे: पूर्वपक्ष मांडायचा, हेतू तपासायचा, दोष दाखवायचा. धर्म बदलला तरी वादाची रीत बदलली नाही, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

या परिवर्तनाची वैयक्तिक किंमत जबर होती. पत्नी लक्ष्मी १८५३ मध्ये निवर्तली आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या एलन लक्ष्मी परक्या घरी, पुढे इंग्लंडमध्ये वाढली. ती पुढे इंग्रजी स्तोत्रकर्त्री म्हणून ओळखली गेली आणि हिंदुस्थानात परत येऊन तिने मिशनची सेवा केली. स्वतः गोऱ्हे १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंह यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. ऑक्सफर्ड येथे त्यांची व माक्स म्यूलर यांची भेट झाली. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशातील प्रत्यक्ष जीवन पाहून या काशीकर शास्त्र्याला झालेल्या तीव्र अपेक्षाभंगाची आठवण म्यूलर यांनी १८९९ मधील आपल्या आठवणींत नोंदविली आहे. मनातील शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढे काउली संघात नवदीक्षित म्हणून प्रविष्ट झाले. संसार गमावलेल्या या पंडिताला अँग्लिकन चर्चमध्ये नेमकी हीच संन्यस्त शाखा जवळची वाटावी, यात काशीचा संस्कार दिसतो. १८८०च्या दशकात त्यांचे पुण्यात वास्तव्य झाले आणि २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाईंच्या जीवनातील वळणाशी गोऱ्हे व पंचहौद हे दोन्ही संबंधित आहेत. पुण्यातील वाँटेज भगिनींच्या परिचयातून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी व कन्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आपल्या निर्णयात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा वाटा होता, हे रमाबाईंनी पुढे १९०७ मधील आत्मनिवेदनात सांगितले. एक संस्कृतज्ञ दुसऱ्या संस्कृतज्ञ स्त्रीला मराठी-संस्कृत तर्कपरंपरेतून पटवीत होता. इंग्रज मिशनरी या संवादाच्या कडेला उभे होते.

४. चहा आणि प्रायश्चित्त

१८९०च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यासह पुण्यातील अनेक प्रतिष्ठित ब्राह्मण उपस्थित होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला केवळ स्पर्श केला, कोणी तो दूर सारला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा प्रसंग घडवून आणला होता. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मधून प्रसिद्ध केली आणि सनातनी पक्षाने त्यावरून ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले आणि त्यांच्या वतीने १८९२ मध्ये चौकशी झाली. रानड्यांनी मित्रांच्या व आप्तांच्या अडचणी ध्यानात घेऊन प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या वर्तुळात त्याचा खेद झाला. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींत या साऱ्याचे घरातून दिसलेले चित्र आहे. टिळकांनी आपण काशी येथे आधीच प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले.

या प्रसंगाकडे सामान्यतः सुधारक आणि सनातनी यांच्यातील संघर्षाचा विनोदी अध्याय म्हणून पाहिले जाते. देवालयाच्या बाजूने पाहिल्यास त्याचा अर्थ पालटतो. ज्या आवारात एका पेला चहाने शहर ढवळून निघाले, त्याच आवारातील देवालयात ‘प्रभुभोजन’ होत होते. तेथे वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसे एकाच भाकरीतील तुकडा आणि एकाच पेल्यातील द्राक्षारस घेत होती. पाहुण्यांसाठी जो पेला चहाचा होता आणि प्रायश्चित्ताने ज्याचे निरसन होऊ शकत होते, तो मंडळीसाठी आयुष्य बदलून टाकणारा पेला होता. वेदीपुढे गुडघे टेकून त्या पेल्याला ओठ लावणाऱ्याला परतीची वाट बहुधा उरत नसे. पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात आली आणि इतिहासात राहिली. देवालयात पंक्तीला बसलेल्यांची नावे मात्र मराठी इतिहासलेखनाच्या वाट्याला आली नाहीत. या असमतोलाची जाणीव ठेवल्याशिवाय पंचहौद ग्रामण्याचे वाचन पुरे होत नाही.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा प्रवासही येथेच तपासला पाहिजे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त हे दोष करणाऱ्याने स्वतः करावयाचे कर्म आहे. त्याचे प्रमाण, द्रव्य, दान आणि निर्णय देणारे पीठ हे सर्व ठरलेले असते. मराठी बायबलने हाच शब्द ख्रिस्ताच्या मरणाच्या संदर्भात योजला आणि तेथे त्याचा कर्ता बदलला. दोष माणसाचा, प्रायश्चित्त मात्र दुसऱ्याने, एकदाच आणि सर्वांसाठी केलेले. १८९२च्या पुण्यात हा एकच शब्द रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अर्थांनी उच्चारला जात होता. एकीकडे तो काशीच्या गंगेकडे बोट दाखवीत होता, दुसरीकडे क्रुसाकडे. टिळकांसाठी काशी ही परत येण्याची वाट होती आणि गोऱ्ह्यांसाठी काशी हे निघून जाण्याचे ठिकाण होते. या दोन्ही वाटा पंचहौदाच्या आवारात एकमेकींना छेदतात.

५. नाम, देवालय, मंडळी

‘होली नेम’ हे चर्चचे समर्पण इंग्लंडमध्ये अपरिचित नाही. १६६२च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या पंचांगात ७ ऑगस्ट हा येशूच्या नामाचा दिवस म्हणून नोंदलेला आहे. परंतु मराठीत ते ‘पवित्र नाम’ होताच एका वेगळ्याच अर्थवलयात प्रवेश करते. ज्ञानदेव-नामदेवांपासून तुकारामांपर्यंत नामस्मरण हा मराठी भक्तीचा गाभा आहे. कर्मकांड, अधिकार आणि जात यांना ओलांडणारे सर्वांना खुले साधन म्हणून वारकरी परंपरेने नामाकडे पाहिले. पेठेतून जाणाऱ्या मराठी माणसाला ‘पवित्र नाम’ ही अक्षरे परकी वाटण्याचे कारण नव्हते. कोणाचे नाम, एवढाच प्रश्न होता. समर्पणाचे शीर्षक निवडताना हा परिणाम अभिप्रेत होता की नाही, यावर अर्थ अवलंबून नाही. भाषेने तो आपोआप घडवून आणला.

हीच गोष्ट इतर शब्दांची. ‘पाद्री’ आणि ‘नाताळ’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. उत्तरेत रूढ झालेला ‘गिरजा’ही पोर्तुगीजच आणि काशीतील चर्चना आजही तोच शब्द लावला जातो. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने मात्र इमारतीसाठी ‘देवालय’ वा ‘देऊळ’, धर्मगुरूसाठी ‘पाळक’, उपासक समूहासाठी ‘मंडळी’ आणि गॉस्पेलसाठी ‘शुभवर्तमान’ हे शब्द जवळ केले. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द तेवढा तसाच राहिला. स्नान, दीक्षा, संस्कार यांपैकी कोणताही शब्द स्वीकारला असता तर वेगळेपणाच पुसला गेला असता. ‘मंडळी’ हा शब्द विशेष यशस्वी ठरला. भजनी मंडळी, घरची मंडळी अशा प्रयोगांमुळे त्यात आधीच एक आपुलकी होती. घर आणि जात यांपासून तुटलेल्या माणसाला ‘मंडळी’ मिळते, असे म्हणण्यात केवळ भाषिक सोय नव्हती. त्यामागे एक गरजही होती.

या निवडींना विरोध झाला तोही आतूनच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी रमाबाईंनी घेतलेली हरकत आढळते. लॅटिन जर उपासकांना कळत नसेल, तर तिच्याऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर करताना मात्र त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा भार वाहणाऱ्या संस्कृत शब्दांपासून दूर राहून साधी मराठी जवळ केली. त्यांचे हे कार्य १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच आधी, पूर्ण झाले. लॅटिनविरुद्ध संस्कृत आणि संस्कृतविरुद्ध बोली, या दोन भूमिका वरवर परस्परविरोधी वाटतात. दोहोंमागचे तत्त्व एकच आहे: प्रार्थनेची भाषा कोणत्याही सत्तेची निशाणी होता कामा नये.

देवालयाच्या वास्तूतही असेच मिश्रण आहे. इटालियन धाटणीचा उंच घंटामनोरा पेठेतील वाड्यांच्या वर उठून दिसे. त्यात इंग्लंडमधील लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आठ घंटांचा संच आहे. इंग्रजी पद्धतीत अशा घंटांवर राग किंवा चाल वाजवीत नाहीत. क्रम बदलत बदलत त्यांचे फेरे घेतात. आठ घंटांचे एकूण ४०,३२० क्रम संभवतात. मंदिरातील घंटा भक्त स्वतः वाजवितो आणि ती त्याच्या आगमनाची वर्दी देते. मनोऱ्यातील घंटा मंडळीला बोलावते. एकाच वस्तूची ही दोन व्याकरणे पुण्याच्या एकाच आकाशात ऐकू येत राहिली.

उपासनेतील गायनात मराठीने सर्वांत खोल मुळे धरली. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत, अँग्लिकन नव्हे. तरीही त्यांची अभंग-ओवीच्या वळणाची गीते पंथभेद ओलांडून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पसरली आणि ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहामार्फत ती पिढ्यान्‌पिढ्या गायिली जात आहेत. मुद्रित इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या भाषांतरात वाक्यरचना मूळ ग्रंथाला बांधलेली राहिली. गीतांत मात्र छंदच मराठी असल्यामुळे विचारालाही मराठी वळण घ्यावे लागले. एकाच उपासनेत गद्य प्रार्थना एका भाषिक युगातील आणि पद्य दुसऱ्या, असा हा अनुभव आहे.

अँग्लिकन उपासनेला देशी रूप देण्याचा याहून धीट प्रयत्न जॅक विन्स्लो यांनी केला. १९२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय उपासनाविधीचा आराखडा मांडला आणि १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. पुढे पुण्यात या संघाचा आश्रम उभा राहिला. वेरियर एल्विन १९२७ मध्ये हिंदुस्थानात आले ते याच संघात. काउली फादरांनी युरोपीय मठ मराठी पेठेत आणला होता. विन्स्लो यांनी आश्रम हेच मूळ रूप मानून त्यात ख्रिस्ती व्रतजीवन बसविले.

६. एकीकरणानंतरचे देवालय

१९३० मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या स्वतंत्र झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. अँग्लिकनांबरोबर त्यात उत्तर भारताचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हे सहभागी झाले. काशीतील व पुण्यातील जुनी अँग्लिकन चर्च आज याच संघटित चर्चमध्ये आहेत. त्यामुळे पंचहौद देवालयाला आज ‘अँग्लिकन’ म्हणणे हे त्याचा वारसा सांगणे आहे. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी स्वतःच्या कबुलीने घेतलेला बाप्तिस्मा या दोन्ही रीती संघटित चर्चने मान्य केल्या. ज्या प्रश्नावरून युरोपात शतकानुशतके फूट पडली होती, तो येथे सहजीवनाने सोडविण्यात आला.

स्थानिक मंडळीच्या कारभारात धर्मगुरूबरोबर निवडून आलेल्या पास्टोरेट कमिटीचा वाटा असतो. वर्षाचे चक्र आगमनकाळापासून सुरू होते. नाताळ, राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण असा त्याचा क्रम आहे. या नावांकडे पाहिले तरी भाषांतराचे काम किती मुरले आहे हे जाणवते. ‘झावळ्यांचा रविवार’ म्हणणाऱ्याला त्यामागील इंग्रजी नावाची आठवणही होत नाही. कोकणपट्टीतील माडाची झावळी यरुशलेमच्या रस्त्यावर पसरली गेली आणि ती तेथलीच वाटू लागली.

आज या मंडळीपुढे असलेला भाषेचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील प्रश्नाच्या उलट दिशेचा आहे. तेव्हा इंग्रजीतून आलेली उपासना मराठी कशी करावी, हा प्रश्न होता. आता इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पिढीला मराठी प्रार्थना आणि अभंगवळणाची गीते कशी पोचवावीत, हा आहे. तो केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक नागर मराठी समूहाचा आहे. फरक इतकाच की, मराठी ख्रिस्ती माणसाला आपले मराठीपण अनेकदा सिद्ध करून दाखवावे लागते. ज्याच्या पूर्वजांनी पवित्र ग्रंथ, प्रार्थना, विवाह आणि अंत्यविधी यांसाठी मराठीच निवडली, त्याच्याविषयी परकेपणाची शंका घेतली जावी, हा इतिहासाच्या अज्ञानाचा परिणाम आहे.

७. समारोप

पंचहौदच्या देवालयाचा इतिहास तीन पातळ्यांवर वाचता येतो. संस्थात्मक पातळीवर तो छावणीतील राजधर्मापासून पेठेतील मंडळीपर्यंत आणि तेथून संघटित भारतीय चर्चपर्यंतचा प्रवास आहे. सामाजिक पातळीवर तो पंक्तीचा इतिहास आहे. कोणी कोणाबरोबर काय घेतले आणि त्याबद्दल कोणाला काय भोगावे लागले, याचा. वाङ्मयीन पातळीवर तो ‘नाम’, ‘प्रायश्चित्त’, ‘मंडळी’, ‘देवालय’ या शब्दांनी एक अर्थ न सोडता दुसरा स्वीकारण्याचा इतिहास आहे.

तौलनिक साहित्यात प्रभाव, स्वीकार आणि प्रतिकार या संज्ञा प्रायः दोन भाषांमधील व्यवहारासाठी योजल्या जातात. येथे मात्र एकाच मराठी भाषेच्या आत दोन अर्थपरंपरा परस्परांशी व्यवहार करताना दिसतात, आणि त्यांना जोडणारे माध्यम इंग्रजीइतकेच संस्कृतही आहे. काशी हे त्या संस्कृताचे पीठ. म्हणूनच या पुणेरी देवालयाचा अभ्यास काशीपासून सुरू करावा लागतो. नीलकंठशास्त्री जे शस्त्र घेऊन ख्रिस्ती मताशी लढले, तेच शस्त्र घेऊन ते पलीकडे गेले. राजा घाटाच्या पायऱ्यांवर पेशवाईची शिळा आहे आणि गुरुवार पेठेत काशीच्या वादविद्येचा एक दूरचा वारसा. मराठी संस्कृतीचा नकाशा काढताना या दोन जागा एकाच कागदावर याव्यात, एवढे तरी या देवालयाच्या इतिहासाने सिद्ध केले आहे.